आधी भीती, मग जखम

घोडा अंगाने मोठा, पण मनाने भित्रा. त्याला शिंगे नाहीत, नख्या नाहीत. संकट आले की पळणे हाच त्याचा बचाव. पळायला वाट उरली नाही, म्हणजे तो लाथ मारतो, चावतो. लोक म्हणतात, घोडा खोडकर आहे. आम्ही म्हणतो, घोडा घाबरला आहे.

मेंढ्यांमागे फिरणाऱ्या धनगरांचे बिऱ्हाड अजून तट्टांच्या पाठीवर चालते. माथेरानला घोडे माणसे आणि ओझी वाहतात. अशा घरांत घोडा म्हणजे कमावते माणूसच. तो जखमी झाला तर काय करावे, ते या धड्यात पाहू.

आम्ही एका खेड्यात शिक्षक होतो. तेथे धनगरांचा वाडा उतरला होता. एका तट्टाचा पाय काटेरी तारेत अडकला. चौघे जण ओरडत धावले. एकाने काठी उगारली. तट्टू जितके झटके देई, तितकी तार मांसात रुते. तेवढ्यात एक म्हातारी पुढे आली. म्हणाली, “गप बसा की रं समदी! तुम्ही सोडवताय का मारताय, त्याला काय कळतंय?”

तिने सगळ्यांना मागे सारले. समोरून नाही, मागूनही नाही, खांद्याच्या बाजूने ती सावकाश जवळ गेली. तोंडाने हळू बोलत होती. आयाळीच्या मुळाशी खाजवू लागली. थोड्या वेळाने तट्टाने मान खाली घातली, उसासा टाकला, जबडा हलवला. मग तिने पोराला पक्कड आणायला सांगितले आणि तार कापून घेतली.

म्हातारीने केले ते शास्त्राला धरून होते. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात. अगदी नाकासमोरचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. तेथून कोणी आले की तो दचकतो. म्हणून खांद्याकडून जावे. जाताना बोलत राहावे. गर्दी हटवावी. ओळखीचा दुसरा घोडा जवळ उभा केला तर त्याला धीर येतो.

दोर धरणाऱ्याने उपचार करणाऱ्याच्याच बाजूला उभे राहावे. दोर हाताला गुंडाळू नये. घोडा उधळला तर हात जाईल. पायाजवळ मांडी घालून बसू नये, गुडघेही टेकू नयेत. वाकावे, म्हणजे झटकन मागे होता येते.

घोडा शांत झाला की जखम पाहावी. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घडी करून दाबून धरावे. दहा मिनिटे हात काढू नये. मधेच उचलून पाहिले तर रक्त पुन्हा सुरू होते. फडके भिजले तर त्यावरच दुसरे ठेवावे.

रक्त थांबले आणि जखम मातीने भरलेली असली तर ती धुवावी. एक लिटर पाणी उकळून निववावे. त्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ घालावे. त्याची धार जखमेवर सोडावी. राख, चुना, शेण, रॉकेल काही लावायचे नाही. त्याने जखम चिघळते. माणसाच्या गोळ्याही देऊ नयेत. मोठी जखम धुण्यात वेळ घालवू नये, दाबून धरून डॉक्टरांना बोलवावे.

लहान जखमेलाही कमी समजू नका. दुसऱ्या एका गावी आम्ही एक टांग्याचा घोडा पाहिला. खुरात खिळा गेला होता. मालकाने तो उपटला आणि विसरला. दुसऱ्या आठवड्यात घोड्याचे कान ताठ झाले. पाय लाकडासारखे झाले. जबडा उघडेना. भांडे वाजले तरी अंग थरथरे. तो धनुर्वात होता. घोडा गेला आणि त्या घरची चूल थंडावली.

धनुर्वाताचे जंतू मातीत आणि लिदीत असतात. खोल, अरुंद जखमेत हवा पोचत नाही, तेथे ते वाढतात. घोड्याला हा रोग फार लवकर होतो. पण लस आहे. ती आधीच टोचून घ्यावी. जखम झाल्यावर डॉक्टरांना विचारून पुन्हा सुई द्यावी.

सांध्याजवळची जखम, खुरातला खिळा, न थांबणारे रक्त आणि टेकवत नाही असा पाय, या चार गोष्टींत घरी वेळ घालवू नये. खिळा रुतलेला असला तर उपटू नये. कोठे आणि किती आत गेला, ते डॉक्टरांना पाहू द्यावे. सरकारी दवाखाना लांब असेल तर १९६२ या क्रमांकावर फोन करावा. त्याला पैसे पडत नाहीत. बरगड्यांकडे पाहून श्वास मोजून सांगावा. निवांत उभ्या घोड्याचे श्वास मिनिटाला ८ ते १६ असतात.

मुक्या जनावराला आपले बोलणे कळत नाही, पण आवाज कळतो. तो आवाज गोड ठेवणे आपल्या हाती आहे.

प्रश्न
१. घोड्याजवळ कोणत्या बाजूने जावे? का?
२. जखम धुण्याचे पाणी कसे करावे?
३. लहान जखमेने घोडा कसा दगावतो?
४. तुमच्या गावातल्या घोड्यांना धनुर्वाताची लस टोचली आहे का? विचारून या.