आर्किटेक्चर की डिझाइन? आधी प्रश्न निवडा, मग पदवी

रहिमतपूरच्या मशिदीजवळचा उंच मनोरा गावातल्या प्रत्येक मुलाने पाहिलेला असतो. तो आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाच्या काळातला आहे. हत्तीच्या मोटेने पाणी वर चढवायचे आणि त्या उंचीच्या दाबावर मशिदीपुढचे कारंजे उडवायचे, अशी ती योजना. ज्याने ती आखली त्याला दगडी बांधकाम, पाण्याचा दाब, जनावराची ताकद आणि बघणाऱ्याची नजर या चारही गोष्टी कळत होत्या. आज त्या चार वेगवेगळ्या कॉलेजांत शिकवल्या जातात. आर्किटेक्चर आणि डिझाइनमधले आंतरविद्याशाखीय पदव्युत्तर अभ्यासक्रम त्यांना पुन्हा एकत्र आणतात.

पालकांना मात्र धास्ती वाटते. ‘इंजिनीअर झाला, आता डिझाइन शिकतोय म्हणतो. मग हा नक्की होणार तरी कोण?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे नीट उत्तर मिळायला हवे.

पाया एकाच विषयाचा, पण पक्का

वास्तुरचनाकार अच्युत कानविंदे १९१६ साली कोकणातल्या आचऱ्यात जन्मले. मुंबईच्या जे. जे.मध्ये ते आर्किटेक्चर शिकले आणि १९४५ मध्ये सरकारी शिष्यवृत्तीवर हार्वर्डला वॉल्टर ग्रोपियस यांच्या हाताखाली गेले. परतल्यावर त्यांनी आयआयटी कानपूरचा परिसर उभा केला आणि मेहसाण्याची दूधसागर डेअरीही. दुधावर प्रक्रिया कशी होते, यंत्रांची उष्णता कुठून बाहेर पडेल, हे समजल्याशिवाय डेअरीची इमारत आखता येत नाही. तिच्या छपरावरचे वायुवीजनाचे उंच मनोरे त्या समजुतीतूनच आले.

दुसरे उदाहरण आजचे. नाशिकचे रमेश रासकर पुण्याच्या सीओईपीत इंजिनीअर झाले, संगणकशास्त्रात पीएच.डी. केली आणि पुढे एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये प्राध्यापक झाले. प्रकाशाचा प्रवास टिपणाऱ्या कॅमेऱ्यावरचे त्यांचे संशोधन जगभर गाजले. ही मीडिया लॅब एमआयटीच्या आर्किटेक्चर आणि नियोजन विभागाचा भाग आहे, हे अनेकांना माहीत नसते.

दोघांनीही आधी एक विषय मुळापासून शिकला आणि मगच कुंपण ओलांडले. म्हणून बारावीनंतर लगेच ‘सगळ्यातले थोडे थोडे’ शिकवणाऱ्या आकर्षक नावांच्या मागे लागू नका. पहिली पदवी एका विषयाची घ्या आणि ती मन लावून करा.

कोणासाठी कोणते दार?

एम.डेस. ही डिझाइनची पदव्युत्तर पदवी दोन वर्षांची असते. आयआयटी मुंबईत डिझाइनचे केंद्र, म्हणजे आयडीसी, १९६९ पासून आहे. प्रवेशासाठी ‘सीड’ परीक्षा असते. बारावीनंतर किमान तीन वर्षांची पदवी किंवा पदविका घेतलेला, कोणत्याही शाखेचा विद्यार्थी ती देऊ शकतो. तिला वयाची अट नाही.

एम.आर्च.साठी बहुतेक ठिकाणी बी.आर्च. लागते. जुन्या वास्तूंचे जतन किंवा शहरी रचना शिकायची असेल तर दिल्ली आणि भोपाळची स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर (एसपीए), अहमदाबादचे सेप्ट पाहा. बऱ्याच संस्थांत ‘गेट’ परीक्षेचे गुण चालतात.

एम.प्लॅन. या नियोजनाच्या पदव्युत्तर पदवीला बी.आर्च.बरोबर सिव्हिल इंजिनीअरही येतात. काही शाखांत भूगोल, अर्थशास्त्र, समाजशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनाही जागा असते.

ग्रामीण प्रश्नांवर काम करायचे असलेल्या इंजिनीअरांनी आयआयटी मुंबईच्या ‘सितारा’ केंद्राचा अभ्यासक्रम जरूर बघावा.

पालकांनी विचारायचे तीन प्रश्न

पहिला : या पदवीने आर्किटेक्ट म्हणून काम करता येईल का? १९७२ च्या कायद्यानुसार ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद लावायला कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी लागते आणि तिच्यासाठी पाच वर्षांचे मान्यताप्राप्त बी.आर्च. हवे. नुसत्या एम.डेस.वर ती मिळत नाही. मुलाला इमारतीच बांधायच्या असतील, तर हा निर्णय बारावीतच घ्यावा लागतो.

दुसरा : खर्च कसा निघेल? गेट किंवा सीड पात्र विद्यार्थ्यांना एआयसीटीईमान्य पदव्युत्तर अभ्यासक्रमांत दरमहा १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळू शकते. खासगी संस्थेसाठी शेत गहाण टाकण्याआधी सरकारी संस्थांचे सगळे पर्याय तपासा.

तिसरा : इथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात? माहितीपत्रकातल्या मोठ्या पगाराच्या एका आकड्यावर जाऊ नका. मागच्या दोन-तीन तुकड्यांतल्या विद्यार्थ्यांशी स्वतः बोला.

प्रश्न आपल्याच परिसरात आहेत

अशा अभ्यासक्रमांच्या मुलाखतीत आणि पोर्टफोलिओत तुमची नजर पाहिली जाते. त्या बाबतीत रहिमतपूर, कोरेगाव, सांगलीकडची मुले मुळीच मागे नाहीत. २०१९ च्या महापुरात सांगलीत कृष्णेचे पाणी घराघरांत शिरले. पूररेषेतली घरे कशी बांधावीत, या प्रश्नाला वास्तुरचना, जलशास्त्र आणि विमा असे सगळेच लागते. लिंब गावची बारा मोटांची विहीर दगडी महाल आणि पाणीपुरवठा एकत्र करून तीनशे वर्षे उभी आहे. तिचे जतन कसे करावे? आले काढणीत दिवसभर वाकणाऱ्या बायांच्या कमरेला आराम देणारे अवजार कसे असावे?

यांतला एक प्रश्न पकडा. त्या जागेची मापे घ्या, रेखाटने करा, तिथे काम करणाऱ्यांशी बोला, कार्डबोर्डचे नमुने बनवा आणि जे फसले तेही तारखेसह जपून ठेवा. पदवीच्या शेवटच्या दोन वर्षांत एवढे केले, तर विकत घेतलेल्या कुठल्याही पोर्टफोलिओपेक्षा तुमचा पोर्टफोलिओ सरस ठरेल.

आणि पालकहो, मुलाला ‘तू कोण होणार?’ असे विचारण्याआधी ‘तुला कोणता प्रश्न सोडवायचा आहे?’ असे विचारा. उत्तर ठोस असेल, तर पुढच्या दोन वर्षांच्या शिक्षणासाठी खुशाल पाठबळ द्या. उत्तर गोलमाल असेल, तर एखादे वर्ष त्याला नोकरी करू द्या. प्रत्यक्ष कामातून प्रश्न सापडतो आणि परीक्षेचे दार पुढच्या वर्षीही उघडेच असते.