दुसऱ्या दिवशी ते विमान कोठे गेले?
(इयत्ता ५ वी ते ७ वी : सामान्य विज्ञान व इतिहास यांस पूरक पाठ)



मनुष्याने यंत्राच्या साहाय्याने आकाशात घेतलेली पहिली झेप आणि चंद्रावर ठेवलेले पहिले पाऊल या दोन घटनांमध्ये अवघ्या सहासष्ट वर्षांचे अंतर आहे. हे वाक्य वर्गात नुसते वाचून दाखविले तर मुले ते वहीत उतरवून घेतात आणि पुढच्या धड्याकडे वळतात. सहासष्ट वर्षे म्हणजे किती, हे दहा-बारा वर्षांच्या मुलास कळावे कसे? त्याकरिता हा पाठ मैदानावर घ्यावा, असे मी सुचवितो.

एक पाऊल म्हणजे एक वर्ष असे ठरवून फक्कीची सरळ रेघ आखावी. आरंभीच्या खुणेवर १९०३ लिहावे आणि तेथून सहासष्ट पावलांवर १९६९. या दोन खुणांवर व मधल्या निवडक सालांवर एकेक विद्यार्थी पाटी घेऊन उभा करावा. मग आरंभीच्या खुणेपासून ३६ मीटर दोरीने मोजून एका मुलास धावावयास सांगावे. बाकीच्यांनी सेकंद मोजावेत. १७ डिसेंबर १९०३ रोजी अमेरिकेत किटी हॉकच्या वाळवंटी किनाऱ्याजवळ ऑर्व्हिल राइट यांचे विमान बारा सेकंद हवेत राहिले व १२० फूट, म्हणजे साधारणपणे एवढेच अंतर गेले. आपला सातवीचा मुलगा ते बारा सेकंदांच्या आतच पार करील. मुले हसतील, हसू द्यावे. नंतर सांगावे की, त्या दिवशी समोरून ताशी चाळीस किलोमीटरहून अधिक वेगाचा वारा वाहत होता आणि विमान त्या वाऱ्याच्या तोंडावर चालले होते. मुलास हवेची गरज श्वासापुरती. विमानाला तीच हवा पंखाखाली घेऊन तोलून धरावयाची होती.

येथे माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभीच्या काळात मी जिल्ह्यातील एका लहान गावी शिकवीत होतो. पाठात रंग भरावा म्हणून मी मुलांना सांगितले की, राइट बंधूंच्या आठ वर्षे आधी, १८९५ साली, मुंबईच्या शिवकर बापूजी तळपदे यांनी गिरगावच्या चौपाटीवर विमान उडविले होते आणि ते दीड हजार फूट उंच गेले होते. मी हे कोठेतरी वाचले होते, एवढाच त्याला आधार. वर्ग भारावून गेला. मागच्या रांगेतील एका मुलीने मात्र हात वर केला व विचारले, “गुरुजी, मंग ते इमान दुसऱ्या दिवशी कुठी गेलं?”

मजजवळ उत्तर नव्हते. मी तिला खाली बसविले, याची आजही लाज वाटते.

पुढे जमेल तसे वाचन केले. तळपदे (१८६४–१९१६) ही व्यक्ती खरी आहे, विमानविद्येची त्यांना ओढ होती हेही खरे. परंतु त्या उड्डाणाची त्या काळातील विश्वसनीय नोंद, मोजमाप वा छायाचित्र उपलब्ध नाही. या कथेबरोबर ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचे नाव घेतले जाते, त्याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातील आहे व त्यात वर्णिलेली याने उडू शकणार नाहीत, असा त्यांचा निष्कर्ष होता.

आता तोच प्रश्न राइट बंधूंच्या विमानास विचारून पाहा. दुसऱ्या दिवसाचेच काय, त्या विमानाच्या आधीच्या व नंतरच्या दिवसांचेही उत्तर मिळते. सायकलींचे दुकान चालविणाऱ्या विल्बर राइट यांनी ३० मे १८९९ रोजी वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेस पत्र लिहून उड्डाणाविषयी जे काही छापले गेले असेल ते मागविले. जर्मनीचे ओटो लिलिएन्थाल १८९६ साली आपल्या तरंगयानातून कोसळून मृत्यू पावले होते. पण पंखांवरील हवेच्या दाबाचे त्यांचे तक्ते छापलेले होते. राइट बंधूंनी ते तक्ते वापरले, त्यांचा मेळ बसेना, तेव्हा १९०१ साली एक लांबट लाकडी पेटी करून तीत पंख्याने वारा सोडला आणि सुमारे दोनशे छोट्या पंखाकृती तपासून स्वतःचे तक्ते तयार केले. पहिल्या उड्डाणाच्या क्षणाचे छायाचित्र आहे. त्या दिवशी चार उड्डाणे झाली. चौथे ५९ सेकंदांचे व ८५२ फुटांचे. त्यानंतर जमिनीवर उभ्या असलेल्या विमानास वाऱ्याच्या झोताने उलथून टाकले व ते मोडले. मोडलेले विमान खोक्यांत भरून घरी नेले गेले. १९०५ च्या ऑक्टोबरात त्यांचे नवे विमान ३९ मिनिटे उडत राहिले. मूळचे विमान पुढे वीस वर्षे लंडनच्या संग्रहालयात होते. डिसेंबर १९४८ पासून ते वॉशिंग्टन येथे आहे.

माझ्या मते, सहासष्ट वर्षांच्या या वेगाचे मोठे कारण येथेच सापडते. लिलिएन्थाल जेथे थांबले तेथून राइट बंधूंना निघता आले, कारण ते कोठे थांबले हे लिहिलेले होते. तळपदे यांनी काही साधले असेल, तर ते कोणालाच पुढे नेता आले नाही.

मैदानावरील १९०३ च्या खुणेवर आणखी एक पाटी द्यावी. ती आपल्या व्यवसायबंधूची आहे. रशियातील कालुगा या गावी कॉन्स्टंटिन त्सिओल्कोव्हस्की नावाचे शिक्षक गणित शिकवीत. लहानपणीच्या आजाराने त्यांना ऐकू येणे जवळजवळ बंद झाले होते. याच १९०३ साली त्यांनी अग्निबाणाच्या साहाय्याने पृथ्वीबाहेर कसे जाता येईल, याचे गणित एका मासिकात प्रसिद्ध केले. विमान बारा सेकंद उडाले त्याच वर्षी एका शाळामास्तराने अंतराळाची वाट कागदावर मांडली होती!

पुढच्या खुणा भराभर घ्याव्यात. १९०९ : ब्लेरिओ यांनी इंग्लंड व फ्रान्स यांमधील खाडी विमानाने ओलांडली. १९११ : अलाहाबादहून नैनीस विमानाने टपाल गेले. १९२६ : गॉडर्ड यांचा द्रव इंधनाचा पहिला अग्निबाण अडीच सेकंद उडाला. १९५७ : स्पुटनिक. १९६१ : गागारिन. मात्र १९३२ च्या खुणेशी थोडे थांबावे. त्या वर्षी १५ ऑक्टोबर रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन लहानसे एकइंजिनी विमान मुंबईत जुहू येथे उतरविले. त्यांचा जन्म २९ जुलै १९०४ चा, म्हणजे विमानाहून ते सात महिन्यांनी लहान. मनुष्य चंद्रावर पोहोचला तेव्हा त्यांना पासष्ट वर्षे पूर्ण व्हावयास आठ दिवस उरले होते. रेघेवरील सारा प्रवास एका माणसाच्या आयुष्यात बसतो, हे मुलांस या उदाहरणाने चटकन उमगते.

या रेघेचा उत्तरार्ध केवळ ज्ञानाने वेगवान झाला, असे मात्र सांगू नये. दोन महायुद्धांनी विमान मोठे केले. चंद्रापर्यंत नेणाऱ्या अग्निबाणाचा पूर्वज जर्मनीने शहरांवर मारा करण्यासाठी बनविला होता व तो बनविण्यास कैद्यांना राबविले होते. पुढे अमेरिका व रशिया यांची चुरस लागली. चांद्रमोहिमेत सुमारे चार लाख माणसे कामास होती. १९६७ च्या जानेवारीत जमिनीवरील चाचणीतच आग लागून तीन अंतराळवीर मृत्यू पावले. सातवीच्या मुलांस हे समजते.

नील आर्मस्ट्राँग यांचे पाऊल चंद्रावर पडले तेव्हा अकोल्याच्या घड्याळात सोमवार, २१ जुलै १९६९ रोजी सकाळचे ८ वाजून २६ मिनिटे झाली होती. वऱ्हाडात डवरणीचे दिवस. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते तिघे अंतराळवीर जगाच्या दौऱ्यावर असताना मुंबईसही येऊन गेले. आणि त्यांच्या चांद्रयानात काय होते? राइट बंधूंच्या १९०३ सालच्या विमानाच्या पंखाचे कापड आणि लाकडाचे लहानसे तुकडे! त्या मुलीला द्यावयाचे उत्तर हे होते. ते विमान मोडले, खोक्यात गेले, संग्रहालयात गेले आणि त्याचा एक अंश चंद्रावर जाऊन परत आला.

चंद्रावरून आणलेल्या खडकांत आपल्या काळ्या पाषाणाच्या जातीचे, म्हणजे बेसाल्टचे खडक निघाले. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर अशाच खडकात आहे. ते ज्वालामुखीचे मुख असावे, असे पुष्कळ काळ मानले जाई. तेथील खडकांत आघाताने बनलेली काच सापडल्यावर ते अशनीपाताचे विवर असल्याचे १९७३ साली प्रसिद्ध झाले. चंद्रावरील विवरांशी त्याची तुलना होते. शाळेची सहल लोणारला जात असेल तर हा पाठ आधी घ्यावा.

१९६९ च्या पाटीनंतर मुलांस पुढे चालू द्यावे. तीन पावलांवर १९७२. त्या डिसेंबरनंतर चंद्राच्या भूमीवर मनुष्य उतरलेला नाही. चंद्रयान-३ च्या २०२३ पर्यंत आणखी एकावन्न पावले आहेत. अमरावतीजवळच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली ती एप्रिल २०२५ मध्ये. वेग सर्वत्र सारखा नसतो आणि सर्वकाळ टिकतही नाही, हे चालणाऱ्या पायांना न सांगता कळते.

तळपदे यांचे नाव वर्गात निघणारच. ते टाळू नये. फळ्यावर ‘नोंद आहे’ आणि ‘सांगतात’ असे दोन रकाने करावेत व १८९५ हे साल दुसऱ्या रकान्यात लिहावे. एखादे पालक नाराज झाल्यास त्यांच्याशी वाद घालू नये. उड्डाणाची त्या काळची नोंद त्यांच्या पाहण्यात असल्यास ती शाळेत आणून दाखवावी, अशी नम्रपणे विनंती करावी. आणली तर साल पहिल्या रकान्यात घ्यावयास आपली तयारी असावी.

घरी करावयाचे काम : घरातील अथवा शेजारील सर्वांत वृद्ध व्यक्तीस, तिने पहिले विमान कधी व कोठे पाहिले, हे विचारावे. उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहावे. खाली सांगणाऱ्याचे नाव, गाव व तारीख घालावी. साल आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असेच लिहावे, अंदाजाने भरू नये. हे कागद तपासून मुलांस परत न देता शाळेच्या कपाटात जपून ठेवावेत.