एक खेळाडू, दोन मैदाने
कॉलेजचा क्वार्टरबॅक बेसबॉलही यशस्वीपणे खेळू शकतो का?



आपल्या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांची कुटुंबे आज अमेरिकेत आहेत. तिकडची नातवंडे शरद ऋतूत फुटबॉल आणि वसंतात बेसबॉल खेळतात, हे इकडच्या आजी-आजोबांना आता नवे राहिलेले नाही. पण मूल मोठे होऊन कॉलेजात गेले की घरोघरी एकच प्रश्न उभा राहतो : दोन्ही खेळ चालू ठेवावेत की एक सोडावा? फुटबॉलमधील सर्वांत जबाबदारीची जागा, म्हणजे क्वार्टरबॅकची, त्याच्याकडे असेल तर हा प्रश्न अधिकच अवघड होतो. या अंकात आपण त्याच प्रश्नाचा अभ्यास करणार आहोत. दोन गोष्टी एकदम झेपतील का, हा प्रश्न आपल्याकडच्या पालकांनाही पडतोच. म्हणून विषय परदेशातला असला तरी परका नाही.

दोन्ही खेळांची तोंडओळख

अमेरिकन फुटबॉल हा आपल्या ओळखीचा, पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. येथे दोन्ही टोकांना निमुळता असलेला चेंडू हातात धरून पळतात किंवा फेकतात. प्रत्येक संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाहीतर चेंडू प्रतिस्पर्ध्याकडे जातो. प्रत्येक चाल क्वार्टरबॅकच्या हातून सुरू होते. चाल कोणती हे सोबत्यांना सांगणे, समोरच्यांची मांडणी ओळखणे आणि अंगावर येणारे बचावपटू पोहोचण्यापूर्वी, म्हणजे बहुधा अडीच-तीन सेकंदांत, चेंडू योग्य माणसाकडे फेकणे हे त्याचे काम.

बेसबॉल मात्र क्रिकेट जाणणाऱ्याला लवकर समजतो. पिचर म्हणजे साधारणपणे आपला गोलंदाज, पण त्याचा चेंडू टप्पा न पडता थेट येतो. पिचर आणि बॅटर यांच्यातील अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर असते. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू बॅटरपर्यंत सुमारे ०.४ सेकंदात पोहोचतो. दहा संधींपैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा, म्हणजे ०.३०० सरासरी राखणारा बॅटर उत्तम मानला जातो. सात वेळा अपयश पचवता येणे हा या खेळाचा पहिला धडा आहे.

अडचण पहिली : वर्षाचे बारा महिने

वरवर पाहता दोन्ही खेळांचे हंगाम वेगळे आहेत. कॉलेज फुटबॉलचे सामने ऑगस्टअखेर सुरू होऊन डिसेंबर-जानेवारीपर्यंत चालतात. कॉलेज बेसबॉल फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत असतो आणि त्याची अंतिम स्पर्धा ओमाहा शहरात होते. मग टक्कर होते कोठे?

टक्कर होते ती सरावात. फुटबॉलचा वसंत सराव साधारण मार्च-एप्रिलमध्ये असतो आणि बेसबॉलचे सामने नेमके तेव्हाच रंगात आलेले असतात. संघातील इतर खेळाडूंना एकवेळ सूट मिळते, पण क्वार्टरबॅकला चालींचे संपूर्ण पुस्तक पाठ हवे आणि चेंडू झेलणाऱ्या सोबत्यांशी त्याचे सूत जुळलेले हवे. त्याची जागा घ्यायला दुसरा तयारच असतो. बेसबॉलपटूंना उन्हाळ्यात सामने खेळून कसब वाढवायचे असते, तर क्वार्टरबॅकला त्याच उन्हाळ्यात संघासोबत राहावे लागते. शिवाय वर्ग, परीक्षा आणि प्रवास आहेतच.

शिष्यवृत्तीचा हिशेबही लक्षात घ्यावा. दीर्घकाळ नियम असा होता की वरच्या गटातील कॉलेजला फुटबॉलसाठी ८५ पूर्ण शिष्यवृत्त्या, तर बेसबॉलच्या साऱ्या संघासाठी मिळून फक्त ११.७ शिष्यवृत्त्या देता येत. त्यामुळे गुणी मुलाला फुटबॉलच्या शिष्यवृत्तीवर घेऊन बेसबॉलही खेळू देणे, हा व्यवहार दोन्ही प्रशिक्षकांना सोयीचा नसला तरी मुलाला सोयीचा होता. २०२५ साली एका न्यायालयीन तडजोडीनंतर ही पद्धत बदलली आणि तडजोड स्वीकारणाऱ्या कॉलेजांसाठी संघाच्या संख्येवर मर्यादा आली : फुटबॉलला १०५, बेसबॉलला ३४.

अडचण दुसरी : हात आणि डोळा

"दोन्हीकडे चेंडूच फेकायचा, मग फरक काय?" असे कोणी विचारील. फुटबॉलच्या चेंडूचे वजन सुमारे ४०० ग्रॅम, तर बेसबॉलचे सुमारे १४५ ग्रॅम. जड चेंडू फेकताना क्वार्टरबॅकची हालचाल आटोपशीर असते. पिचर मात्र हात बराच मागे नेऊन सर्व शक्तीनिशी झटका देतो आणि खांद्यावर व कोपरावर फार मोठा ताण घेतो. पिचर आणि क्वार्टरबॅक या दोन्ही भूमिका एकट्याने केल्या, तर हाताला वर्षभर विश्रांतीच मिळत नाही.

२००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे आढळले, की वर्षातून आठ महिन्यांहून अधिक काळ सामन्यांत पिचिंग करणाऱ्या किशोरांवर शस्त्रक्रियेची वेळ येण्याची शक्यता सुमारे पाचपट होती. म्हणूनच बेसबॉल खेळणारे बरेच नामवंत क्वार्टरबॅक पिचर न होता मैदानातील दुसरी जागा पत्करतात. पुढे येणाऱ्या उदाहरणांत एल्वे व मरे मैदानाच्या बाहेरच्या भागात, तर विल्सन दुसऱ्या बेसजवळ खेळत असे.

हात वाचला तरी डोळ्याचा प्रश्न उरतो. ०.४ सेकंदात चेंडू ओळखून बॅट फिरवणे हे निव्वळ ताकदीने जमत नाही. त्यासाठी हजारो चेंडूंचा सराव लागतो. फुटबॉलमध्ये गेलेले महिने येथे वजा होतात.

आता उदाहरणे पाहू

*जॉन एल्वे.* स्टॅनफर्ड विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. १९८१ साली न्यूयॉर्क यांकीज या बेसबॉल संघाने त्याला दुसऱ्या फेरीत निवडले. १९८२ च्या उन्हाळ्यात त्यांच्या वनिओंटा येथील कनिष्ठ संघातर्फे ४२ सामन्यांत त्याने ०.३१८ ची सरासरी राखली. १९८३ मध्ये बाल्टिमोर कोल्ट्स या फुटबॉल संघाने त्याची पहिल्या क्रमांकाने निवड केली. त्याला तेथे जायचे नव्हते. "मग मी बेसबॉल खेळेन" असे तो म्हणू शकत होता. अखेर त्याला डेन्व्हर संघाकडे देण्यात आले. तेथे जानेवारी १९९८ व जानेवारी १९९९ असे दोन सुपर बोल त्याने जिंकले. दुसरा खेळ येत असल्यामुळे त्याच्या शब्दाला वजन आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

*टॉड हेल्टन.* टेनेसी विद्यापीठात १९९४ साली तो काही सामने क्वार्टरबॅक होता. गुडघा दुखावला आणि त्याच्या जागी एक नवा मुलगा आला. तो मुलगा म्हणजे पुढे जगप्रसिद्ध झालेला पेटन मॅनिंग. हेल्टनने बेसबॉल धरला. १९९५ मध्ये कोलोराडो रॉकीज संघाने त्याला पहिल्या फेरीत घेतले आणि तो १७ हंगाम त्याच संघाकडून खेळला. २,५१९ हिट, ३६९ होमरन, ०.३१६ सरासरी. २०२४ साली बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याचा समावेश झाला. त्याच वर्षी तेथे गेलेला जो मॉअर हाही शाळेत नावाजलेला क्वार्टरबॅक होता, पण कॉलेजात जाण्यापूर्वीच त्याने बेसबॉलची वाट धरली होती.

*ड्रू हेन्सन.* मिशिगन विद्यापीठात टॉम ब्रेडीशी स्पर्धा करणारा क्वार्टरबॅक. २००१ मध्ये कॉलेजचे एक वर्ष शिल्लक असताना यांकीजशी सहा वर्षांचा, १ कोटी ७० लाख डॉलरचा करार करून त्याने फुटबॉल सोडला. सर्वोच्च स्तरावर त्याच्या वाट्याला अवघे आठ सामने आले आणि त्यांत एक हिट. मग २००४ साली तो फुटबॉलकडे परतला, पण तेथेही एकाच सामन्यात त्याला सुरुवातीपासून खेळता आले. गुणांत तो कोणाला कमी नव्हता. मधली वर्षे मात्र दोन्हीकडून निसटली.

*ख्रिस वाइन्की.* याने क्रमच उलटा केला. १९९० मध्ये टोरांटो ब्लू जेजकडे जाऊन सहा वर्षे कनिष्ठ स्तरावर बेसबॉल खेळला. वरच्या स्तराचे दार उघडले नाही, तेव्हा १९९७ मध्ये तो फ्लोरिडा स्टेट विद्यापीठात परतला. एका खेळात व्यावसायिक झालेल्या खेळाडूला दुसऱ्या खेळात कॉलेजतर्फे खेळता येते, या नियमाचा त्याला उपयोग झाला. २००० साली, वयाच्या २८ व्या वर्षी, त्याने कॉलेज फुटबॉलचा सर्वोच्च हाइझमन पुरस्कार मिळवला.

*रसेल विल्सन.* २०१० मध्ये कोलोराडो रॉकीजने त्याला चौथ्या फेरीत निवडले. दोन उन्हाळ्यांत कनिष्ठ संघांकडून ९३ सामने, सरासरी ०.२२९. बेसबॉलला वेळ दिल्यामुळे नॉर्थ कॅरोलिना स्टेटमधील त्याची क्वार्टरबॅकची जागा गेली. तो विस्कॉन्सिनला गेला, तेथे एक उत्तम हंगाम खेळला आणि फेब्रुवारी २०१४ मध्ये सिअ‍ॅटल संघाला सुपर बोल जिंकून दिला.

*जेमिस विन्स्टन.* फ्लोरिडा स्टेटच्या या क्वार्टरबॅकने २०१३ चा हाइझमन पुरस्कार आणि जानेवारी २०१४ मध्ये राष्ट्रीय विजेतेपद मिळवले. लगेच त्याच वसंतात बेसबॉल संघासाठी तो सामन्याच्या अखेरीस येणारा पिचर म्हणून उत्तम खेळला. थोडा वेळ पण महत्त्वाचा, अशी भूमिका निवडल्यामुळे हे जमले.

*कायलर मरे.* आपल्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर येथे आहे. ओक्लाहोमा विद्यापीठात २०१७ च्या बेसबॉल हंगामात त्याची सरासरी केवळ ०.१२२ होती. २०१८ मध्ये ती ०.२९६ झाली आणि त्यात दहा होमरन होते. त्या जूनमध्ये ओकलंड संघाने त्याला नवव्या क्रमांकाने निवडून ४६ लाख ६० हजार डॉलरचा करार केला आणि एक फुटबॉल हंगाम खेळण्याची मुभा दिली. त्या एकाच हंगामात त्याने हाइझमन पुरस्कार पटकावला. २०१९ मध्ये अ‍ॅरिझोना संघाने त्याला फुटबॉलमध्ये पहिल्या क्रमांकाने निवडले आणि बेसबॉलचे घेतलेले बहुतेक पैसे त्याने परत केले. दोन्ही खेळांच्या निवडीत पहिल्या फेरीत नाव येणारा तो पहिलाच खेळाडू.

मग बो जॅक्सनचे काय?

जाणकार वाचक विचारतील, की बो जॅक्सन आणि डिऑन सँडर्स हे तर दोन्ही खेळ व्यावसायिक स्तरावर एकाच काळात खेळले! खरे आहे. पण जॅक्सन हा चेंडू घेऊन धावणारा, तर सँडर्स बचावपटू होता. बेसबॉलचा हंगाम आटोपून जॅक्सन ऑक्टोबरमध्ये फुटबॉल संघात दाखल होई आणि चेंडू हाती आला की धावत सुटे. क्वार्टरबॅक असा मधूनच येऊ शकत नाही. व्यावसायिक फुटबॉलचे शिबिर जुलै-ऑगस्टमध्ये असते आणि तेव्हा बेसबॉलचा हंगाम अर्ध्याहून थोडा पुढे गेलेला असतो. गेल्या पन्नास वर्षांत एकाही क्वार्टरबॅकने दोन्ही सर्वोच्च स्तरांवर एकाच काळात यश मिळवलेले नाही.

निष्कर्ष

वरील माहितीवरून आम्हाला असे म्हणावेसे वाटते :

१. कॉलेजच्या स्तरावर उत्तर "होय" आहे, पण मोजक्यांसाठी. दोन्ही प्रशिक्षकांत समजूत, बेसबॉलमध्ये योग्य भूमिका आणि हाताला विश्रांती, या तिन्ही गोष्टी जुळाव्या लागतात.

२. व्यावसायिक स्तरावर उत्तर "नाही" असेच आहे. तेथे निवड करावीच लागते.

३. निवड करणे म्हणजे हार नव्हे. हेल्टनने एक वाट घेतली, एल्वेने दुसरी. दोघेही शिखरावर पोहोचले.

४. नुकसान झाले ते बहुधा निवड चुकल्यामुळे नव्हे, तर सरावाची मोलाची वर्षे दोहोंत विभागली गेल्यामुळे.

आपल्यासाठी बोध

पाचवी-सहावीतच मुलाला एका खेळाच्या कोचिंगला जुंपून बाकी सारे बंद करण्याची घाई हल्ली दिसते. वर आलेल्या बहुतेक खेळाडूंनी शाळेत दोन-तीन खेळ मनसोक्त खेळले होते आणि निवडीची वेळ शाळा संपल्यानंतर आली. तेव्हा पालकांना आमची विनंती, की शालेय वयात मुलांना मैदाने बदलू द्यावीत. मात्र एकाच हाताने वर्षभर गोलंदाजीही आणि भालाफेकही होत असेल, तर विश्रांतीचे महिने आधी ठरवावेत. विश्वस्त मंडळालाही सुचवावेसे वाटते, की क्रीडा शिक्षकांनी वर्षारंभीच एकत्र बसून वेळापत्रक आखावे, म्हणजे दोन संघांच्या ओढाताणीत मूल सापडणार नाही.

विद्यार्थ्यांनो, तुमच्यासाठी एक गोष्ट. मरेची सरासरी ०.१२२ होती, त्या वर्षी त्याने बॅट खाली ठेवली असती तर पुढची कहाणी घडलीच नसती. दोन गोष्टी आवडत असतील तर दोन्ही मनापासून करा. एक निवडायची वेळ आली, की मागे वळून न पाहता निवडा.

स्वाध्याय

१. टॉड हेल्टनने ७,९६२ संधींत २,५१९ हिट मारले. त्याची सरासरी तीन दशांश स्थळांपर्यंत काढा.

२. ताशी १४५ किलोमीटर वेगाच्या चेंडूला १८.४४ मीटर अंतर कापण्यास किती सेकंद लागतील? प्रत्यक्षात बॅटरला याहूनही कमी वेळ मिळतो. का बरे? (सूचना : पिचर चेंडू कोठून सोडतो ते पाहा.)

३. जून ते मे असा बारा महिन्यांचा तक्ता करून त्यात तुमचे खेळ, परीक्षा आणि सुट्ट्या भरा. टक्कर कोणत्या महिन्यात होते? घरी आई-बाबांना दाखवून त्यावर चर्चा करा.