पन्नास हजारांत मुलीसाठी लॅपटॉप

प्रश्न : मुलगी यंदा इंजिनिअरिंगला गेली. कोडिंग, प्रोजेक्ट आणि थोडंफार गेमिंग जमेल असा लॅपटॉप कसा निवडावा?

उत्तर : या बजेटमध्ये वेगळ्या ग्राफिक्स कार्डाच्या मागे लागू नका, त्यापायी स्क्रीन आणि बॅटरीत हात आखडता घेतलेला असतो. रायझन ५ किंवा कोअर आय५, ५१२ जीबी एसएसडी पुरे. खरी मेख रॅममध्ये आहे. प्रोसेसरमधलं ग्राफिक्स रॅमच वापरतं. ८ जीबीची एकच पट्टी असेल तर गेम अडखळतो. तशीच दुसरी लावली की व्हॅलोरंट, माइनक्राफ्ट छान चालतात. म्हणून दुकानात आधी विचारा, दुसरा रॅम स्लॉट रिकामा आहे का? पातळ मॉडेलमध्ये रॅम बऱ्याचदा बोर्डावरच सोल्डर केलेली असते, ती नंतर वाढवता येत नाही. तसं असेल तर १६ जीबीचंच मॉडेल घ्या.