ल्युअर आधी बादलीत

सई : मामा, गळाला लावायचा नवाकोरा पॉपर, आणि तू त्याला पॉलिश पेपर मारतोयस? अख्खा रंग गेला की रे!

मामा : रंगाचं काय घेऊन बसलीस. हा ल्युअर, म्हणजे खोटा मासा, जिताडा मासा खालून बघतो. वर आभाळाचा उजेड असतो, त्यात त्याला दिसते एक काळपट आकृती आणि हललेलं पाणी. खवले, चमक, मोठाले डोळे हे बरंचसं गिऱ्हाइकाला पकडायला असतं. मी घासतोय ती तोंडाची कड. बोट फिरवून बघ.

सई : धार काढलीस जवळजवळ.

मामा : पॉपरचं तोंड खोलगट असतं. कड जाड असली की झटक्यासरशी ते हवा घेऊन पाण्यात घुसतं आणि ‘गुडुप’ असा भरदार आवाज येतो. कड पातळ केली की ती पाणी कापते आणि समोर बारीक तुषार फेकते. जीव घेऊन पळणारी कोळंबी, बोयची पिल्लं पाणी उडवतात ना, तसे. उथळ आणि शांत पाण्यात मोठ्या गुडुपनं मासा बिचकतो. खाडी गढूळ असेल, वारा असेल, तर मात्र तोच आवाज हवा. म्हणून डब्यातले सगळे पॉपर घासत सुटायचं नाही.

सई : ही तुझीच युक्ती?

मामा : छे. अमेरिकेत आर्कान्सामधल्या फोर्ट स्मिथची रेबेल कंपनी, तिचा ‘पॉप-आर’ म्हणून छोटासा पॉपर आहे. कंपनीनं मध्यंतरी तो बंद केला होता. ज्यांना त्याची किंमत कळली होती ते स्पर्धेतले अँगलर गुपचूप जुना माल गोळा करत राहिले. १९८०च्या दशकात टेक्सासच्या झेल रोलंडनं त्यावर नाव कमावलं. तो पॉप-आर घासायचा. कडेला धार, अंगाचं प्लॅस्टिक पातळ, म्हणजे ल्युअर हलका होऊन पाण्यावर जरा उंच बसायचा. मागणी एवढी वाढली की कंपनीला तो पुन्हा काढावा लागला.

सई : पण त्यांचा मासा गोड्या पाण्यातला बास. आपली रेवदंड्याची खाडी खारी.

मामा : आता बरोबर बोललीस. तिथूनच खरं काम सुरू होतं. गोड्या पाण्यासाठी घातलेले पातळ तारेचे हूक जिताडा सरळ करून टाकतो. म्हणून आपण जाड हूक घालतो, आणि तिथेच ल्युअर बिघडतो. दोन ट्रेबल, म्हणजे तिहेरी हूक, आणि ते अडकवायच्या स्प्लिट रिंगा बदलल्या की वजन ग्रॅम-दोन ग्रॅमनं सहज वाढतं. सोनाराचा छोटा काटा मिळतो ना, तो घे. जुने हूक तोल, नवे तोल. आणि मग बादली.

सई : बादली कशाला?

मामा : ल्युअर हुकांसकट बादलीत सोडायचा आणि नुसतं बघायचं. आडवा पडतो की शेपूट खाली घालून तिरका उभा राहतो? तोंड पाण्याबाहेर किती? एका कुशीवर कलतो का? सगळी कारागिरी ह्या बसण्यावर ठरते. पाणी मात्र खाडीचं घ्यायचं, नळाचं नाही. समुद्राचं पाणी गोड्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. पंचवीस घन सेंटिमीटरचा ल्युअर पूर्ण बुडवलास तर खाऱ्या पाण्यात त्याला अर्ध्या ग्रॅमहून थोडा जास्त उठाव मिळतो. लहान हुकाचं वजन तेवढंच असतं! पावसाळ्यात खाडीला गोडं पाणी आलं की तोच ल्युअर खोल बसतो.

सई : आणि हा लांबट, तोंड नसलेला? ह्याला तर घासायलाही काही नाही.

मामा : हा स्टिकबेट. हेडन कंपनीचा ‘झारा स्पूक’ ह्या घराण्यातला गाजलेला, १९३९ पासूनचा. ह्याला स्वतःची चाल काहीच नाही. सरळ ओढलास तर काठीसारखा येतो. रॉडच्या टोकानं हलका झटका द्यायचा आणि लगेच दोरी ढिली सोडायची. नाक एका बाजूला वळतं आणि ढील मिळाल्यामुळे ल्युअर तसाच घसरत जातो. पुढचा झटका बसतो तेव्हा नाक आधीच तिरकं असतं, म्हणून ते उलट्या बाजूला खेचलं जातं. डावं-उजवं, डावं-उजवं. लोक झटका शिकतात, ढील विसरतात.

सई : मग सुधारणा कुठे करायची?

मामा : शेपटाच्या वजनात. होडीत मागे दोन माणसं बसली की तोंड उचलतं ना, तसंच. मागे वजन वाढवलं की नाक पाण्यातून सुटतं आणि ल्युअर जागच्या जागी वळतो, पुढे कमी सरकतो. तिवरांच्या मुळांजवळ हेच हवं, कारण मासा बाहेर यायच्या आत ल्युअर निघून जाता कामा नये. मोकळ्या पाण्यात आडवा बसणारा बरा, तो लांब घसरतो. आणि मागे फार जड केलास तर तो वळायचं सोडून नुसता मान डोलावतो.

सई : म्हणजे भोक पाडून शिसं भरायचं?

मामा : इतक्यात भोक नको! मागच्या हुकाच्या दांडीला सोल्डरची तार दोन वेढे गुंडाळ. बादलीत बघ, खाडीत फेकून बघ, वेढा वाढव, कमी कर. जमलं की तसंच ठेवलं तरी चालतं. पोटाचा हूक मात्र उगाच काढू नकोस. ते वजन खाली असतं म्हणून ल्युअर उताणा होत नाही. मासे सोडून द्यायचे म्हणून ट्रेबलच्या जागी एकेरी हूक घालतात, चांगलंच आहे. पण मग कमी झालेलं वजन तारेनं भरून काढायचं.

सई : ह्या पॉपरच्या शेपटाला कोंबड्याची पिसं कशाला?

मामा : मानेची लांब पिसं आहेत, दोऱ्यानं बांधून वर नेलपेंट. पाण्यात ती ओढ देतात, त्यामुळे झटक्यानंतर पॉपर पुढे घरंगळत नाही. आणि तो थांबलेला असतानाही पिसं हलत राहतात. जिताडा बहुतेकदा थांबल्यावरच उचलतो.

सई : आणि आवाजासाठी आत छर्रे?

मामा : लोकांना फार सोस. मला त्यात दम वाटत नाही. आवाजाचीच हौस असेल तर बझबेट घे, तारेवर फिरणाऱ्या पात्याचा ल्युअर. त्याचं पातं तारेवर घासून कुरकुरावं म्हणून अमेरिकेतले काही जण ते गाडीच्या खिडकीबाहेर धरून हायवेला जातात. आपल्या वडखळच्या रस्त्यावर असलं काही करू नकोस. प्लॅस्टिकच्या ल्युअरला भोक पाडायचंच तर अ‍ॅराल्डाइटनं बुजव, सुकलं की गरम पाण्यात बुडव. आतली हवा फुगते आणि फट राहिली असेल तिथून बुडबुडे येतात.

सई : एवढं सगळं करण्यापेक्षा सोपं काही?

मामा : गाठ. निम्मे ‘बिघडलेले’ ल्युअर गाठीनं बिघडलेले असतात. गाठ कडीला घट्ट आवळलीस तर नाकाला मोकळं फिरता येत नाही. सैल फासाची गाठ मार. लीडर, म्हणजे ल्युअरजवळचा दोरीचा तुकडा, फ्लुरोकार्बनचा नको, तो बुडतो आणि नाक खाली ओढतो. साध्या नायलॉन मोनोचा जाड घे, चाळीस पाउंडाचा. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी असते, बारीक दोरी तिथे टिकत नाही.

सई : मग हा दुसरा स्टिकबेट मला दे. मी तार गुंडाळून बघते.

मामा : गुंडाळ, पण पहिल्याला हात लावू नकोस. दोन्ही एकाच कंपनीचे, एकाच मापाचे आहेत. तो दुकानातून आला तसाच राहू दे, आळीपाळीनं दोन्ही फेक. आणि किती वेढे घातलेस ते पोटावर मार्करनं लिही, नाहीतर उधाणाला जाईपर्यंत विसरशील.