एका कोडच्या दोन वह्या : गिट आणि सबव्हर्जन एकत्र वापरताना

ओलायातल्या आमच्या ऑफिसात रविवार म्हणजे आठवड्याचा पहिला दिवस. सौदीत २०१३ पासून साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारी असते. आमच्या कोडचा सबव्हर्जन सर्व्हर मात्र पुण्यात आहे आणि त्याची देखभाल रविवारी चालते. म्हणजे आम्ही कामाला बसलो की सर्व्हर बंद! तुमचीही टीम दोन देशांत विभागलेली असेल, तर ही अडचण ओळखीची वाटेल.

सबव्हर्जनमध्ये इतिहास एका मध्यवर्ती सर्व्हरवर राहतो. प्रत्येक नोंदीला, म्हणजे कमिटला, १, २, ३ असा चढता क्रमांक मिळतो. पण सर्व्हर नसेल तर कमिट करता येत नाही. लिनस टोरव्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेल्या गिटमध्ये पूर्ण इतिहास तुमच्याच मशीनवर असतो. विमानात बसूनही कमिट करा.

मग सगळे गिटवरच का नेत नाही? कारण जुने अहवाल, स्वयंचलित चाचण्या आणि सहकाऱ्यांच्या सवयी सबव्हर्जनच्या क्रमांकांना बांधलेल्या असतात. जीसीसीसारखा मोठा कंपायलर प्रकल्पसुद्धा २०२० मध्येच गिटवर पूर्णपणे गेला. तोपर्यंतचा मधला मार्ग म्हणजे ‘गिट-एसव्हीएन’.

किराणा दुकानातली कच्ची आणि पक्की वही आठवा. गिट ही तुमची कच्ची वही, सबव्हर्जन ही सर्वांची पक्की वही. दोन्हींना जोडणाऱ्या आज्ञा तीनच :

१. क्लोन : पक्क्या वहीचा इतिहास गिटमध्ये उतरवून घेते. इतिहास मोठा असेल तर फार वेळ लागतो. अशा वेळी ठरावीक क्रमांकापासून पुढचाच भाग घ्या.

२. रीबेस : सर्व्हरवरचे नवे बदल आणते आणि तुमच्या न पाठवलेल्या नोंदी त्यांच्यावर पुन्हा रचते.

३. डीकमिट : तुमची एकेक नोंद सबव्हर्जनमध्ये चढवते.

खरी मेख तिसऱ्या आज्ञेत आहे. गिटमध्ये कमिटची ओळख म्हणजे त्याचा हॅश. तो आशय, लेखक, वेळ, संदेश आणि आधीचे कमिट या सगळ्यांवरून काढलेला असतो. डीकमिट करताना संदेशाखाली सबव्हर्जनच्या क्रमांकाची ओळ जोडली जाते. संदेश बदलला की हॅश बदलतो, आणि त्यापाठोपाठ पुढच्या सगळ्या कमिटचेही हॅश बदलतात.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकलो चूक करून. एका अहवालातल्या आलेखाखाली मी ‘कोणत्या कोडने काढला’ म्हणून गिटचा हॅश लिहिला आणि नंतर डीकमिट केले. सहा महिन्यांनी परीक्षकांनी तोच आलेख पुन्हा काढून मागितला, तेव्हा तो हॅश कुठेच सापडेना. जुनी कमिट गिटच्या रीफ्लॉगमध्ये काही काळ राहतात. नेहमीच्या सेटिंगमध्ये महिन्याभराने ती साफ होऊ शकतात. माझी झाली होती. शेवटी त्या काळातली प्रत्येक आवृत्ती चालवून आलेख जुळवत बसलो. आलेख जुळला, पण तोवर माझाच माझ्या निष्कर्षावरचा विश्वास डळमळला होता.

म्हणून हे नियम पाळा :

• अहवालात नेहमी सबव्हर्जनचा क्रमांक लिहा, तोही डीकमिट झाल्यावरच. त्या क्रमांकावरून गिटचे कमिट ‘फाइंड-रेव्ह’ आज्ञेने शोधता येते.

• डीकमिट न केलेली शाखा सहकाऱ्याला देऊ नका. नंतर तुमचे हॅश बदलतील आणि एकच बदल त्याच्याकडे दोनदा दिसेल.

• गिटमधल्या शाखा मर्ज करून पाठवू नका. सबव्हर्जनला सरळ रेषेतला इतिहास लागतो, रीबेस वापरा.

• डीकमिटपूर्वी रीबेस करून चाचण्या चालवा. कच्च्या वहीत खाडाखोड चालते, पक्क्या वहीत नाही.

आता रविवारी मी निवांत गिटमध्ये काम करतो आणि सोमवारी पुण्याचा सर्व्हर जागा झाला की डीकमिट. दोन वह्या ठेवायला हरकत नाही. हिशेब कोणत्या वहीतून दाखवायचा, एवढे मात्र आधीच ठरवून ठेवा.