रसिकाचे दफ्तर

डोंबिवली (पूर्व)

चि. भाच्यास,

तुझे पत्र पोचले. परदेशी विज्ञानमालिकांतील अंतरिक्षयानांची नावे, त्यांच्या कप्तानांची परंपरा आणि कोणत्या भागात कोणता प्रसंग घडला याचा बारीक तपशील मुखोद्गत असण्याचा पुढील आयुष्यात उपयोग काय, असे घरातील वडील मंडळी तुला महाविद्यालयात प्रवेश झाल्यापासून वारंवार विचारतात. आणि या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येत नसल्यामुळे ही सगळी आवड आता टाकून द्यावी काय, असा सल्ला तू मागितला आहेस. माझे उत्तर आरंभीच सांगतो. टाकू नकोस, मात्र तिला शिस्त लाव. शिस्त लागलेली आवड ही विद्येची एक शाखाच असते, आणि जिला शिस्त नाही अशी आवड, कितीही उत्कट असली तरी, काही वर्षांनी मागे काहीही न ठेवता ओसरून जाते.

एखाद्या कलाकृतीवर जीव जडणे ही आपल्या समाजात कधीच लाजेची गोष्ट नव्हती. बालगंधर्वांच्या पदांसाठी रात्री जागवणारे आणि त्यांतल्या एकेका तानेची आठवण जन्मभर जपणारे रसिक आपल्याच पणजोबांच्या पिढीतले. तुझी आवड त्याच कुळातली आहे. पालटले आहे ते केवळ साधन. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले, त्यानंतरची कित्येक वर्षे टपाल कचेरीतून परवाना काढून बाळगावा लागणारा दूरचित्रवाणी संच आमच्या चाळींत एखाद्याच बिऱ्हाडी असे, आणि त्या बिऱ्हाडाचा दरवाजा संध्याकाळी साऱ्या मजल्याला मोकळा असे. ‘गजरा’, ‘छायागीत’, ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ हे कार्यक्रम तेथे जमिनीवर मांडी घालून पाहणाऱ्या मंडळींत मीही होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या लोकलमध्ये त्यांचीच चर्चा डोंबिवलीपासून मशीद बंदरापर्यंत अशा चवीने चाले की, उभ्याने केलेल्या त्या प्रवासाचा शीण कोणास जाणवत नसे. ठाणे, कल्याण, डोंबिवली या नोकरदारांच्या वस्त्यांना एकत्र बोलण्यासाठी एक समान विषय या संचाने दिला, हे त्याचे उपकार मी क्षुल्लक मानीत नाही.

आता शिस्त म्हणजे काय, ते क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट, कर्त्यांची ओळख ठेव. श्रेयनामावली सुरू होताच पुढच्या भागाकडे उडी मारण्याची जी सोय हल्लीच्या साधनांनी दिली आहे, ती तू वापरू नकोस. लेखक कोण, दिग्दर्शक कोण, संकलन कोणाचे, हे वाच, आणि मूळ ग्रंथ असेल तर त्याच्यापर्यंत जा. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणराव आणि बाळ कर्वे यांनी गुंड्याभाऊ रंगविला, त्या जोडीचे जनक चिं. वि. जोशी होत, आणि त्याच प्रभावळकरांच्या ‘अनुदिनी’ या पुस्तकावरून २००१ साली ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’ ही मालिका झाली, तीत त्यांनी आजोबांची भूमिका केली. मध्यमवर्गीय कुटुंबाचा विनोद दोन पिढ्यांत कसा बदलत गेला, हे या दोन कृती आणि त्यांच्यामागील पुस्तके शेजारी ठेवून पाहिल्यास जितके कळेल, तितके प्रबंध वाचून कळणार नाही. तसेच बी. आर. चोप्रांचे ‘महाभारत’ तू पुन्हा पाहशील तेव्हा राही मासूम रझांच्या संवादांकडे लक्ष दे, आणि इरावती कर्वे यांचे ‘युगान्त’ हाताशी ठेव. १८६४ साली स्थापन झालेले कल्याणचे सार्वजनिक वाचनालय आणि १८९३ सालचे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय तुझ्या घरापासून दूर नाहीत. तेथील सभासदत्व हे रसिकाच्या शिक्षणाचे पहिले अंग समज.

दुसरी गोष्ट, कृती ज्या परिस्थितीत निर्माण झाली ती जाणून घेतल्यावाचून निवाडा देऊ नकोस. आई आणि आजी संध्याकाळी ज्या दैनंदिन मालिका पाहतात त्यांविषयी तुझ्या पत्रात जो तुच्छतेचा सूर आहे, तो मला रुचला नाही. केवळ दूरदर्शन होते त्या काळात मालिकेला सामान्यतः तेरा भागांची मंजुरी मिळे; आठवड्यास एक भाग, म्हणजे एक तिमाही. लेखकास आरंभ, मध्य आणि शेवट ठाऊक असे. उपग्रहवाहिन्या आल्या, १९९९ साली अल्फा टीव्ही मराठी सुरू होऊन ‘आभाळमाया’सारख्या मालिका घरोघरी पोचल्या, आणि पुढे आठवड्यातून पाच-सहा दिवस नवा भाग देण्याची प्रथा रूढ झाली, तेव्हा कथेची मुदत लेखकाच्या हाती न राहता प्रेक्षकसंख्येच्या साप्ताहिक आकड्यांच्या हाती गेली. आकडे चढले की कथानक लांबते, उतरले की एखादे पात्र अकस्मात परगावी जाते. घोडबंदर रस्त्यावरून तू रोज जातोस. त्या परिसरात ज्या बंगल्यांत व चित्रणगृहांत या मालिकांचे चित्रण चालते, तेथे आज लिहिलेले दृश्य उद्या चित्रित होऊन थोड्याच दिवसांत प्रक्षेपित व्हावे लागते. या दडपणाखालीही एखादा नट एखाद्या प्रसंगात सच्चा सूर लावून जातो, तो ओळखण्याइतका तुझा कान तयार झाला पाहिजे. आजीशेजारी बसून एक आठवडा पाहा, आणि ती कोणत्या ठिकाणी डोळे पुसते व का, हे तिलाच विचार.

तिसरी गोष्ट, विज्ञानकथेवर प्रेम करतोस तर विज्ञानाशी प्रामाणिक राहा. ऐंशीच्या दशकात रविवारी सकाळी दूरदर्शनवर ‘स्टार ट्रेक’ ही मालिका लागे, ती पाहून आमच्या पिढीतल्या कित्येकांनी आकाशाकडे प्रथमच कुतूहलाने पाहिले; परंतु प्रकाशाहून शीघ्र जाणारे ते यान भौतिकशास्त्राच्या कोणत्या नियमाला बगल देते, हा प्रश्न ज्याने स्वतःस विचारला, त्याचाच आनंद पुढे वाढत गेला. जयंत नारळीकरांचे उदाहरण तुझ्यासमोर असू दे. जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ असूनही त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठविली, आणि ती पहिली आली. आपल्या नावाचे वजन निकालावर पडू नये ही त्यांची दक्षता, आणि कथेला शास्त्राइतकेच गांभीर्याने घेण्याची त्यांची वृत्ती, या दोन्ही गोष्टी अनुकरणीय आहेत.

चौथी गोष्ट मी सर्वांत महत्त्वाची मानतो : नोंद ठेव. मी ठाण्याच्या जिल्हाधिकारी कचेरीत अभिलेखांच्या खोलीत नोकरी केली. कागदांच्या ज्या बस्त्याची फेरिस्त, म्हणजे यादी, नीट लावलेली नाही तो बस्ता असून नसल्यासारखा, हे तेथे मी शिकलो, आणि तीच गोष्ट करमणुकीच्या कलांनाही लागू आहे. जुन्या काळी चित्रफिती महाग असत. म्हणून एकदा प्रक्षेपण झाले की तीच फीत पुसून तिच्यावर दुसरा कार्यक्रम मुद्रित करीत, आणि त्यामुळे आपल्या दूरदर्शनवरील आरंभीचे कितीतरी कार्यक्रम आज अस्तित्वात नाहीत. ही आपत्ती केवळ आपल्यावर आली असे नाही. इंग्लंडात १९६३ साली सुरू झालेल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे पहिल्या सहा वर्षांतील नव्वदांहून अधिक भाग बीबीसीसारख्या संस्थेच्या संग्रहातून अशाच रीतीने नाहीसे झाले. परंतु त्या प्रत्येक भागाचा आवाज आज उपलब्ध आहे. कारण त्या काळच्या काही मुलांनी व तरुणांनी घरच्या ध्वनिमुद्रकावर तो प्रक्षेपणाच्या वेळीच टिपून ठेवला होता, आणि पुढे हरवलेले काही भाग परदेशांतील केंद्रांतून व खासगी संग्राहकांकडून शोधूनही काढण्यात आले. ज्या छंदास वडीलधाऱ्यांनी त्या वेळी बालिश म्हटले असेल, त्यानेच एका राष्ट्राच्या सांस्कृतिक ठेव्याचा एक भाग वाचविला. अमेरिकेतील रसिकांनी १९६८ साली पत्रांचा वर्षाव करून ‘स्टार ट्रेक’चे तिसरे पर्व घडवून आणले, आणि १९७६ साली तेथील पहिल्या अंतराळ-शटलला त्या मालिकेतील यानाचे नाव पडले तेही अशाच पत्रमोहिमेमुळे. रसिक हा केवळ समोर बसणारा नसतो; तो राखणदार असतो, आणि प्रसंगी वकीलही होतो.

आता सर्व काही मोबाइलवर मिळते, मग जपायचे कशाला, असे तू म्हणशील. तथापि आज एखाद्या सेवेवर असलेली मालिका हक्कांची मुदत संपताच उद्या तेथून काढली जाते, हे तू स्वतः अनुभवले आहेस. म्हणून एक जाड वही घे. पाहिलेल्या प्रत्येक कृतीची तारीख, कर्त्यांची नावे, मूळ ग्रंथ, आणि तुला काय आवडले व कोणत्या कारणाने, इतके तीत लिही. नुसते ‘अप्रतिम’ लिहून भागवू नकोस. कारण देण्याच्या सक्तीतूनच विवेक जन्माला येतो. त्याच वहीत मागील बाजूने आजीच्या आणि शेजारच्या वृद्धांच्या आठवणी, त्यांच्याच शब्दांत, उतरवून घे : पहिला संच कोणाकडे आला, रविवारी ‘रामायण’ लागे तेव्हा रस्त्यावर काय दिसे, चिमणरावाच्या कोणत्या प्रसंगावर सारी चाळ हसली. ज्या कार्यक्रमांच्या फिती उरल्या नाहीत, त्यांचा पुरावा आता या माणसांच्या स्मरणातच आहे, आणि ती माणसे वृद्ध होत चालली आहेत.

एवढे करूनही अभ्यासाची वेळ चुकू देऊ नकोस, आणि मतभेद झाल्यास मित्राचा अपमान करून वाद जिंकू नकोस. आवडीच्या गोष्टीसाठी माणूस तोडणारा मनुष्य रसिक या पदवीस पात्र नाही.

वडिलांना माझा निरोप सांग की, मुलाचा छंद सहा महिने या रीतीने चालू द्यावा आणि मग वही स्वतः वाचून निर्णय करावा. आजीच्या आठवणींपासून आरंभ कर, आणि तो याच रविवारी कर.

तुझा,
मामा